श्वासाचा हिशेब

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला, पहाटे साडेपाचला,
मी गायींचा श्वास गोळा करते.
हसू नका. पगार मिळतो त्याचा.
गळ्यात एक पोकळ नळकांडं, आतली हवा आधीच उपसलेली,
तिथून नाकपुडीपर्यंत केसाएवढी बारीक नळी.
दिवसभर, रातभर ती चरते, रवंथ करते, ढेकर देते
आणि माझं नळकांडं घोट घोट पीत राहतं.

कुंपणाच्या खांबालाही एक टांगतो आम्ही,
नुसत्या वाऱ्यासाठी.
गायीच्या श्वासातून जगाचा श्वास वजा करावा लागतो.

रोसेंदो तेचेरा दावं धरून उभा.
वय एकाहत्तर, कमरेला बापाचा सुरा,
एका हातात मातेचा तुंबा, कडू, वाफाळता.
"आज किती भरलं पाप?"
"ग्रॅममध्ये सांगू?"
"ग्रॅम मला कळत नाही. टिटवी कळते."

मग तो मला कुंपणापाशी नेतो.
"या रानात नांगर घुसला नाही कधी.
गाय चरते, आणि टिटवी तिच्या खुरांच्या मधोमध
अंडी घालून वर तिलाच दटावते.
आता पलीकडे बघ. सोयाबीन. क्षितिजापर्यंत.
एक टिटवी दाखव तिथं,
उद्यापासून तुझ्या हातची डाळ जेवतो."

मी बराच वेळ बघत राहिले.
टिटवी नव्हती.

"पण ते माझ्या ताटात येत नाही, रोसेंदो.
ते बोटीत चढतं, समुद्र ओलांडतं,
आणि जिनं रान कधी पाहिलंच नाही
अशा कुठल्या तरी गायीच्या गव्हाणीत पडतं."

तो काही बोलला नाही.
तुंब्यात पाणी ओतलं, माझ्यापुढे धरला.
आमच्याकडे भांडण असं थांबतं. मिटत नाही.

गुरुवारी ट्रक येतो.
त्या दिवशी रोसेंदोला फाटकाची बिजागरी दुरुस्त करायची असते.
दर गुरुवारी तीच बिजागरी.
फळीवर वासरांचे खूर वाजतात, पोऱ्या मोजतो,
आणि हा तेलाचा डबा घेऊन पाठमोरा.
गायी दोन रात्री हंबरतात.
तिसऱ्या रात्री नाही.
मला झोप लागत नाही ती तिसऱ्या रात्री.
हे मी अहवालात लिहिलेलं नाही, तिथं एकक विचारतात.

रविवारी निखारे.
देल्मिरा माझ्यासाठी एका कडेला भोपळा भाजते,
मी मांस सोडलं त्याला आता सात वर्षं झाली.
पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, पोट दुखतं का गं?
आता विचारत नाही. पण सुरी एकच,
बरगड्यांवरून उचलून तशीच भोपळ्यात घालते.
चरबीचा वास होता त्याला.
मी खाल्ला.
चांगला लागला. हेही टिपून ठेवते,
नाहीतर माझा हिशेब फार स्वच्छ दिसेल.

आणि सोमवारी प्रयोगशाळेतून फोन:
चार हजार चारशे सतराचं नळकांडं रिकामं आलं.
शेजारणीनं नळी चावली असेल, मुडपली असेल,
आत काहीच गेलेलं नाही.
आकड्यांच्या भाषेत ही गाय
शनिवारी दिवसभर श्वासच घेत नव्हती.

शनिवारी मी तिचं दावं सैल करत होते
तेव्हा तिनं अख्खं ओलं नाक
माझ्या तळहातात खुपसलं आणि फुंकर मारली.
ऊन. आंबूस. चावलेल्या गवताची.

"रकाना कोरा सोडू?" फोनवरचा मुलगा विचारतो.
"सोड," मी म्हणते.

तेव्हा मी हात विजारीला पुसला होता
आणि पुढच्या गायीकडे गेले होते.